कोंडी फाट्यावरची थर्ड पार्टी

चांदसाब शेख ट्रक चालवत होता, तोवर त्याला बायकोला कुठं फिरवायला जमलं नाही. चेन्नईचा माल मुंबईला आणि मुंबईचा चेन्नईला नेण्यात त्याची उमर गेली. सोलापूर वाटेत लागायचं, म्हणून घरी एक जेवण आणि एक झोप व्हायची, एवढंच. शेवटी मालकानं गाड्या विकल्या आणि चांदसाब सोलापूरच्या नई जिंदगी वस्तीतल्या आपल्या घरी कायमचा येऊन बसला, तेव्हा त्याच्या बायकोचं, अजीजाचं, बाहेर पडणंच बंद झालं होतं. ती मोरीत घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय आखडला तो आखडलाच. काठी घेऊन ती घरातल्या घरात फिरायची. रिक्षात चढवायला दोन माणसं लागायची, आणि रिक्षा खड्ड्यात आदळली की ती डोळे मिटून घ्यायची. मोटरसायकलवर तर बसताच येत नव्हतं. त्यामुळं ती दिवसभर खिडकीशी बसायची आणि गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून बोलायची.

चांदसाबला ते बघवेना. विजापूर रोडला एका निवृत्त फौजी माणसाकडं साइडकार लावलेली जुनी बुलेट धूळ खात पडली होती. ती त्यानं विकत घेतली. इंजिन खोलून साफ केलं, साइडकारला जाड गादी शिवून घेतली, अजीजाला पाय न उचलता आत शिरता यावं म्हणून एका बाजूला बिजागरीचं दार बसवलं. मग आरटीओत चकरा मारून साइडकारची रीतसर नोंद आरसी बुकात करून घेतली. कागदाच्या बाबतीत तो पहिल्यापासून सरळ होता. चेकनाक्यावर कागद नसलेल्या ड्रायव्हरची काय गत होते ते त्यानं पुष्कळ बघितलं होतं.

अजीजा आधी तयार नव्हती. लोक हसतील म्हणाली. पहिल्या दिवशी चांदसाबनं तिला हिप्परग्याच्या तलावापर्यंत नेलं. जाताना ती ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून बसली होती. येताना ओढणी खांद्यावर आली होती आणि ती चांदसाबला ओरडून सांगत होती की त्या भजीवाल्यापाशी थांबा. त्यानंतर दोघं सतत बाहेर. मंडईत, नातलगांच्या लग्नात, आणि टेंभुर्णीला दिलेल्या मुलीकडं, फिरदोसकडं, तर महिन्यातून एकदा तरी. गल्लीतली पोरं साइडकारला होडी म्हणायची. होडी आली की बाजूला व्हायची.

अडचण होती ती मागच्या टायरची. साधी मोटरसायकल वळणावर कलते, त्यामुळं तिचा टायर गोल असतो आणि सगळ्या अंगानं झिजतो. साइडकार लावलेली गाडी कलतच नाही. तिचा टायर फक्त मधोमध घासतो. पावसाळ्याआधी टाकलेला टायर दिवाळीपर्यंत मधून पाटीसारखा सपाट व्हायचा. चांदसाबचा जुना दोस्त गौस याचं टायरचं दुकान होतं. त्यानं सुचवलं की कारचा टायर बसवू. त्याचं अंग मुळातच सपाट, जमिनीला पुरतं टेकणारं, तो वर्षानुवर्षं झिजायचा नाही. मापाचा प्रश्न होता, तर गौसनं बुलेटच्याच दुसऱ्या एका हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, लहान, रुंद रिम बसवून नवं चाक बांधलं आणि त्यावर कारचा टायर चढवला. जुनं चाक त्यानं दुकानाच्या माळ्यावर टाकलं.

गाडी झकास पळायला लागली. अजीजा म्हणाली की आता हादरे कमी बसतात. चांदसाब खूश होता.

त्या वर्षी विमा रिन्यू करायची वेळ आली तेव्हा एजंट उदयसिंह पवार गाडीचे फोटो काढायला घरी आला. हा उदयसिंह शेजारच्याच गल्लीतला, चाळिशीचा, चांदसाबला चाचा म्हणणारा. मागच्या चाकाशी येऊन तो थांबला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "चाचा, हे कारचं आहे."

चांदसाब म्हणाला की हो, आणि मस्त चाललंय. उदयसिंहनं समजावलं की कंपनीनं गाडी बनवताना जे टायर ठरवलेत त्याच्याबाहेर जायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. साइडकारची नोंद आहे, पण चाकाची नाही. उद्या काही झालं तर कंपनी याच चाकाकडं बोट दाखवेल. तेव्हा एकतर लेखी विचारू, नाहीतर जुनं चाक लावा. चांदसाबनं हसून विषय बदलला. सगळी उमर अठरा टनांचा माल ओढला होता, आता एका बायकोला साइडकारमधून न्यायला कुणाला काय विचारायचं, असं त्याच्या मनात होतं. उदयसिंहनं चहा घेतला, पुढच्या बाजूनं फोटो काढले आणि तो गेला.

डिसेंबरात एका दुपारी दोघं टेंभुर्णीहून परत येत होते. सोलापूर जवळ आलं होतं. कोंडीच्या फाट्यावर सर्व्हिस रोडच्या कडेला बोरं विकायला बसलेल्या बायकांची रांग असते. तिथं अचानक डाव्या अंगानं एक कालवड रस्त्यात आली. चांदसाबनं ब्रेक दाबला. साइडकारची गाडी जोरात ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते, हे त्याला माहीत होतं. त्यानं हँडल धरूनही ठेवलं, पण गाडी ओढली ती ओढलीच. साइडकारचं नाक रांगेतल्या शेवटच्या पाटीवर गेलं. बोरं रस्ताभर उधळली. पाटीमागची बाई उठता उठता हातावर पडली.

ती सारजाबाई. साठीची, कोंडीचीच. पडल्यावर ती ओरडली नाही, रडली नाही. उजवा हात डाव्या हातात धरून बसली आणि म्हणाली, "हात गेला वाटतं माझा." मनगट भलतीकडं वळलेलं दिसत होतं.

चांदसाब खाली उतरला. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. अजीजा काठी टेकत स्वतः दार उघडून बाहेर आली आणि तिनं आपली ओढणी काढून सारजाबाईचा हात गळ्यात बांधला. मग तिनंच सारजाबाईला साइडकारमध्ये बसवायला लावलं. स्वतः ती तिथंच, बोरं विकणाऱ्या बायकांमध्ये, उपड्या पाटीवर बसून राहिली, चांदसाब परत येईपर्यंत.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं. हाड दोन जागी मोडलं होतं. सारजाबाईचा मुलगा शिवराज, कारखान्याच्या ऊसतोडीवर ट्रॅक्टर चालवणारा, बातमी कळताच आला. तो चिडलेला होता, पण आईसमोर त्यानं आवाज चढवला नाही. पोलिसांनी जबाब घेतला. चांदसाबनं जखमी बाईला स्वतः आणलंय हे बघून हवालदारानं गाडी घरी न्यायला दिली. आरटीओचे साहेब तपासणीला येणार, तेव्हा सकाळी गाडी ठाण्यात घेऊन या, असं बजावलं.

संध्याकाळी उदयसिंह आणि गौस, दोघंही घरी आले. गौसनं येताना माळ्यावरचं जुनं चाक रिक्षात टाकून आणलं होतं.

उदयसिंहचं म्हणणं सरळ होतं. सकाळी साहेब गाडी बघतील. कारचा टायर दिसला की रिपोर्टमध्ये लिहितील. तो रिपोर्ट कंपनीकडं जाईल, आणि कंपनी म्हणेल की गाडीत बेकायदा बदल केला होता, आमची जबाबदारी नाही. मग बाईंची भरपाई लटकणार किंवा चाचांच्या अंगावर येणार. चाक आता बदललं तर काहीच उरत नाही. बाईंना पैसे मिळतील, चाचा सुटतील, कुणाचं नुकसान नाही. "मी एजंट म्हणून सांगत नाही," तो म्हणाला, "घरचा म्हणून सांगतोय."

चांदसाबला खरं तर ते पटत होतं. आपण वाचतो म्हणून नाही, त्या बाईचं काम होतंय म्हणून. गौसनं तर पाना हातात घेतला होता. तो म्हणाला की टायर मी बसवला, काढायचाही मीच.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अजीजा काठी वाजवत आली. ती घरच्या दखनीत चांदसाबला म्हणाली, "मैं उसमें बैठी थी. कल मेरेकू पूछे तो मैं क्या बोलू?"

ती पुढं म्हणाली की त्या फाट्यावर ती दोन तास बसली होती, तिथल्या बायकांनी तिला पाणी दिलं, बोरं दिली. त्यातल्या एकीनं विचारलं होतं की भाबी, गाडी कशामुळं ओढली. "मी सांगितलं, आमच्या यांनी कारचा टायर बसवलाय, त्यानं असेल का काय माहीत." हे तिनं मराठीत सांगितलं, उदयसिंहला कळावं म्हणून.

गौसनं पाना खाली ठेवला. उदयसिंह थोडा वेळ डोकं धरून बसला आणि मग त्याला हसू आलं. तो म्हणाला, "चाची, सगळ्या फाट्याला सांगून आलात व्हय."

सकाळी चांदसाब गाडी जशी होती तशी ठाण्यात घेऊन गेला. आरटीओचे साहेब तरुण होते. त्यांनी ब्रेक तपासले, हँडल बघितलं, मागच्या चाकापाशी जरा जास्त वेळ थांबले. चांदसाबनं न विचारताच सांगितलं की हा कारचा टायर आहे, साइडकारमुळं बसवला, परवानगी घेतली नव्हती, एजंटनं सांगितलं होतं तरी ऐकलं नाही. साहेबांनी विचारलं की गाडी ओढली ती टायरमुळं का. चांदसाबनं खरंच विचार केला. म्हणाला, "साहेब, जुन्या टायरवरपण ओढायची. किती ओढली असती ते मला सांगता येत नाही." साहेब म्हणाले की मलाही नाही सांगता येत. त्यांनी ब्रेक ठीक आहेत असं लिहिलं, आणि मागचं चाक मूळ मापाचं नाही असंही लिहिलं. दंड झाला. जुनं चाक लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा हुकूम झाला. गौसनं ते चाक तिथंच ठाण्याच्या आवारात बसवलं.

बेफिकिरीनं गाडी चालवल्याच्या पोलीस केसमध्ये चांदसाबनं चूक कबूल केली आणि तिथला दंडही भरला. गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यानं विम्याचा अर्ज केला होता, तो कंपनीनं नामंजूर केला. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. त्याला घोर होता तो सारजाबाईचा.

शिवराजनं सोलापुरातल्या एका वकीलबाईंना गाठलं. ॲडव्होकेट पायल, अपघाताचे दावे चालवणाऱ्या. चांदसाबही एकदा शिवराजसोबत त्यांच्या ऑफिसात गेला. समोरच्या पक्षाच्या माणसाला बघून त्या आधी चपापल्या. मग त्यांनी दोघांनाही समजेल असं सांगितलं. विम्याचे दोन भाग असतात. एक स्वतःच्या गाडीचा, तो कंपनी अशा बदलामुळं नाकारू शकते, नाकारलाच आहे. दुसरा रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात. त्याच्यासाठीच तर कायद्यानं विमा सक्तीचा केलाय. टायर कुठला होता यात थर्ड पार्टीचा काय दोष? तेव्हा मावशींचे पैसे या कारणानं सहजासहजी बुडणार नाहीत. फार तर कंपनी म्हणेल की आधी आम्ही देतो आणि मग गाडीमालकाकडून वसूल करतो.

"मग करू द्या की," चांदसाब म्हणाला. वकीलबाईंनी त्याच्याकडं जरा टक लावून बघितलं आणि म्हणाल्या की चाचा, हे माझ्या ऑफिसात बोलू नका, तुमचा वकील वेगळा असायला पाहिजे.

शिवराजनं घरी जाऊन आईला सांगितलं की कोर्टात तुला थर्ड पार्टी म्हणतात. सारजाबाईनं ते लक्षात ठेवलं.

इकडं अजीजाच्या मनात वेगळंच चाललं होतं. बोरांचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. सारजाबाईच्या बांधावर उमराण जातीच्या बोरांची झाडं लगडलेली होती आणि हात प्लास्टरमध्ये. शिवराज दिवसभर ट्रॅक्टरवर, सुनेला घर आणि जनावरं. सून पहाटे बोरं उतरवायची, पण फाट्यावर बसायला कुणी नव्हतं. अजीजानं चांदसाबला सांगितलं की मला तिथं नेऊन सोडा. मला चालता येत नाही, पण बसता येतं. आणि बोलता तर येतंच.

पहिल्या दिवशी दोघं आधी सारजाबाईच्या घरी गेले, तेव्हा शिवराजला ते आवडलं नाही. त्यानं चांदसाबला बाजूला घेऊन विचारलं की हे कशासाठी, केस मागं घ्यावी म्हणून का. चांदसाबनं सांगितलं की केस चालू दे, ती चाललीच पाहिजे. सारजाबाई ओट्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "बसू दे तिला. मला काट्यावर वजन धरता येत न्हाय, आन घरात बसून जीव आंबलाय माझा. मीबी जाते तिच्यासंगं."

मग तसंच सुरू झालं. सकाळी चांदसाब अजीजाला फाट्यावर आणायचा. सारजाबाई घरून चालत यायची. दोघी एका सतरंजीवर बसायच्या, अजीजा पाय पसरून, सारजाबाई हात गळ्यात बांधून. वजन अजीजा करायची, भाव सारजाबाई सांगायची. गिऱ्हाईक नसलं की बोलणं. अजीजाला सारजाबाईच्या नवऱ्याची, म्हसवडच्या माहेराची, सुनेच्या बाळंतपणाची सगळी हकीकत कळली. सारजाबाईला फिरदोसच्या सासूची. अजीजानं घरून लाल मिरची, जिरं आणि मीठ कुटून आणलं आणि बोरं चिरून त्यावर टाकून द्यायला सुरुवात केली. त्यासाठी पुण्याच्या गाड्या थांबायला लागल्या. रांगेतल्या बाकीच्या बायका कुरकुरल्या, तेव्हा अजीजानं त्यांनाही पुड्या बांधून दिल्या.

प्लास्टर काढायचा दिवस आला. शिवराजला सुट्टी नव्हती. अजीजानं चांदसाबला सांगितलं की सारजाबाईला तुम्हीच होडीतून घेऊन जा, मी इथं बसते. चांदसाब गाडीशी गेला आणि परत आला. त्यानं उदयसिंहला फोन लावला आणि विचारलं की साइडकारमध्ये घरचं नसलेलं माणूस बसवलं तर पॉलिसीत चालतं का. उदयसिंहला ऐकून बरं वाटलं असावं. त्यानं कागद काढून बघितला, परत फोन केला आणि सांगितलं की चालतं, भाडं घ्यायचं नाही. मगच चांदसाबनं साइडकारचं दार उघडलं. सारजाबाई आत बसली, डाव्या हातानं कड घट्ट धरली आणि वाटेतलं बाळे गाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बाळ्याच्या पुढं तिनं विचारलं, "भाऊ, जरा जोरात न्हाय का पळत ही?"

चांदसाब म्हणाला की पळते, पण आता मी पळवत नाही.

संक्रांत झाल्यावर फाट्यावर एक माणूस आला. शर्ट इन केलेला, पाठीला सॅक. त्यानं बोरं घेतली, तिखटमीठ टाकून मागितलं आणि उभ्या उभ्या खात गप्पा सुरू केल्या. तुम्ही दोघी बहिणी का, इथं कधीपासून बसता, ती बुलेट कुणाची. अजीजाला बोलायला माणूस हवाच असायचा. तिनं सगळं सांगितलं. आमच्या यांच्या गाडीनं हिचा हात मोडला, कालवड आडवी आली होती, कारचा टायर होता, एजंटनं आधी बजावलं होतं, आता काढलाय, कोर्टात केस आहे. सारजाबाई मधेच म्हणाली, "मी थर्ड पार्टी हाय." त्या माणसानं फोन काढून दोघींचा फोटो घेतला. तो विमा कंपनीनं चौकशीला पाठवलेला माणूस होता.

त्याचा परिणाम पुढच्या तारखेला दिसला. कंपनीच्या वकिलांनी लेखी म्हणणं मांडलं की दावा करणारी बाई आणि गाडीमालक यांचं संगनमत आहे. मालकाची बायको रोज तिच्या बोरांच्या पाटीवर बसते, मालक तिला गाडीतून फिरवतो. अपघातच खरा नसावा. वर पुन्हा कारच्या टायरचा मुद्दा होताच.

वकीलबाईंनी शिवराजला तातडीनं बोलावून घेतलं. त्या वैतागल्या होत्या. इतक्या वर्षांच्या वकिलीत अशी केस त्यांनी बघितली नव्हती. त्यांनी स्पष्ट सांगितलं की केस संपेपर्यंत हे फाट्यावरचं बसणं बंद करा, नाहीतर मी काय उत्तर देऊ. शिवराजनं निरोप दोन्ही घरी पोचवला.

चांदसाबला पटलं. कायद्याची माणसं सांगतात ते न ऐकून एकदा काय झालं, ते त्यानं बघितलं होतं. त्यानं अजीजाला सांगितलं की आता काही दिवस घरी बस. अजीजा दोन दिवस खिडकीशी बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक सहा आसनी रिक्षा थांबली आणि तीतून सारजाबाई उतरली. डाव्या हातात बोरांची पिशवी. घर विचारत विचारत ती आली होती.

ती आत येऊन बसली, पाणी प्याली आणि चांदसाबला म्हणाली, "भाऊ, म्या लबाडी केली न्हाय, तुमी केली न्हाय. मग लबाडी केल्यावानी लपून कशाला बसायचं? त्यांनी इचारलं तर सांगू की."

चांदसाबनं उदयसिंहला विचारलं, उदयसिंहनं वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या की बसायचंच तर उघड बसा, आणि मी कोर्टाला स्वतःहून सांगते. त्यांनी तसा अर्जच दिला. त्यात अपघाताच्या दिवशीचे दवाखान्याचे कागद, एक्सरे, आणि रांगेतल्या बायकांचे जबाब जोडले. प्रत्येकीनं सांगितलं होतं की गाडी कशी आली, पाटी कशी उडाली, आणि टायर कारचा होता हे भाबीनं त्याच दिवशी सांगितलं होतं. पहिल्याच तासात सांगितलेली गोष्ट नंतर रचलेली कशी म्हणणार? चौकशीला आलेल्या माणसाचा रिपोर्टही शेवटी कोर्टात आला. तो सरळ माणूस निघाला. त्यानं लिहिलं होतं की अपघात खरा आहे, दोन्ही बायका कुठलीही गोष्ट लपवत नाहीत, उलट थांबवणं कठीण जातं.

मार्चात लोकअदालत भरली. जिल्हा कोर्टाच्या आवारात मांडव होता, टेबलं होती, गर्दी होती. पॅनेलवर एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं की टायरमुळंच अपघात झाला याला काही पुरावा आहे का. वकील म्हणाले की टायर नियमबाह्य होता हे नक्की आहे. न्यायाधीश म्हणाले की ते मान्यच आहे, त्याचा दंड झालाय, त्याची स्वतःची भरपाईही तुम्ही नाकारलीत. त्या टायरनं बाईंचा हात मोडला का, एवढंच मी विचारतोय. वकिलांनी फाइल चाळायला घेतली.

मग न्यायाधीशांनी सारजाबाईकडं बघितलं आणि विचारलं, "ज्यांच्याविरुद्ध तुमची केस आहे, त्यांच्याच घरच्यांबरोबर तुम्ही धंदा करता?"

सारजाबाई म्हणाली, "साहेब, केस कंपनीवर हाय. ह्यांच्यावर माझा राग न्हाय."

"आणि हात मोडला त्याचं?"

"ते तर मोडलाच की. त्याचं काय ते तुमी बगा."

न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. तासाभरात तडजोड झाली. भरपाई कंपनीनं द्यायची, आणि चांदसाबकडून वसूल करण्याचा हट्ट सोडायचा. मागितलं होतं त्याच्यापेक्षा थोडं कमी मिळालं, पण शिवराजचा चेहरा मोकळा झाला. सही करताना सारजाबाईचा हात जरा वाकडा चालत होता. मनगट पूर्ण सरळ झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं. चांदसाब ते बघत राहिला. तडजोडीनं ते भरून येण्यासारखं नव्हतं, हे त्याला कळत होतं. बाहेर आल्यावर त्यानं सारजाबाईला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली की घागर आता डाव्या कडेवर घेते, सवय झाली.

गौसला अजूनही वाटतं की कारचा टायरच चांगला होता. उदयसिंहनं आरटीओत विचारून बघितलं. अशा बदलाला मंजुरी मिळणं अवघड आहे असं उत्तर मिळालं, आणि चांदसाबनं तो विषय सोडून दिला. टायर लवकर झिजतो, तर झिजतो. तो वर्षातून एकदा-दोनदा बदलतो आणि पावती जपून ठेवतो.

भरपाईतून शिवराजनं फाट्यावर चार खांब रोवून पत्र्याचं छप्पर केलं. डिसेंबरात पुन्हा बोरं आली तेव्हा त्याखाली दोन खुर्च्या होत्या, एक अजीजाच्या पायाला सोसेल अशी उंच. आता तिची स्वतःची वेगळी पाटी आहे, तिखटमिठाच्या पुड्यांची. दोघींचं बोलणं सकाळी सुरू होतं ते शेवटचं गिऱ्हाईक गेलं तरी चालूच असतं. चांदसाबला तिथं करायला काही नसतं. सुरुवातीला तो पाट्या सरकवायचा, सुटे पैसे द्यायला धावायचा, मधेच बोलायला जायचा. दोघींनी त्याला सांगितलं की तुम्ही जरा गप्प पडा. तेव्हापासून तो शेजारच्या कडुलिंबाखाली चादर पसरून आडवा होतो. हायवेवरून ट्रक जात असतात, आणि त्यांच्या आवाजात त्याला गाढ झोप लागते.